जीभ वर कर

राजकन्याबाई सकाळी आठच्या सुमाराला लातूरकडच्या मुरुडात मागल्या गल्लीत शिरल्या, की चांगली मिशीवाली माणसं गुपचूप तांब्या भरून ओट्यावर येऊन बसत. बाईंचा खाक्याच तसा होता. टीबीची गोळी हातात ठेवून त्या कधी पुढे गेल्या नाहीत. गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, मग 'आ कर' आणि शेवटी 'जीभ वर कर'. जिभेखाली काही दडलेलं नाही हे बघितलं, की कार्डावर खूण. एका माजी सरपंचांनी एकदा विचारून पाहिलं, "आमच्यावर पण भरवसा न्हाई का?" बाई म्हणाल्या, "हाय की. जीभ वर करा." सरपंचांनी केली.

आशाताईचं काम त्यांनी सतरा वर्षं केलं होतं. बाळंतिणी, लसी, जंतांच्या गोळ्या ही कामं होतीच, पण बाईंचा खरा जीव टीबीच्या पेशंटांत. सतरा वर्षांत त्यांच्या हाताखालचा एकही पेशंट उपचार अर्ध्यात सोडून गेला नव्हता. त्याबद्दल तालुक्याच्या कार्यक्रमात मिळालेलं प्रमाणपत्र त्यांनी घरात देवघराशेजारी लावलं होतं, देवांपेक्षा वीतभर उंच. नवरा त्यावरून चिडवायचा. बाई म्हणायच्या, खिळा तिथंच होता.

या कडकपणाचं मूळ त्यांच्या माहेरी होतं, औशाकडच्या एका गावात. थोरला भाऊ सिद्धलिंग एकोणतीस वर्षांचा असताना त्याला छातीचा टीबी झाला. तीन महिने गोळ्या खाल्ल्या, मळमळ व्हायची, अंग खाजायचं, मग एक दिवस म्हणाला, "ह्या गोळ्यानं मला गुण न्हाई येऊन राहिला. उगी पोट जळतंय." राजकन्या तेव्हा एकोणीस वर्षांची, नुकतंच लग्न झालेलं, पंचमीला माहेरी आलेली. भावाचा लाड म्हणून तिने आईला सांगितलं, नको देऊ गं त्याला, किती तरास होतो. आईने ऐकलं. पुढच्या पंचमीला भाऊ नव्हता. तेव्हापासून 'गुण येत नाही' हे वाक्य कानावर पडलं की बाईंचं डोकं फिरायचं. समोरचा माणूस कोण, त्याला काय झालंय, हे मग त्यांना ऐकूच येत नसे. त्यांना सिद्धलिंगच दिसायचा.

त्याच गावची एक लेक लग्न होऊन मुरुडलाच आली होती, मनकर्णाबाई. जात वेगळी, पण माहेर एक. त्यामुळे मनकर्णाबाईंचा मुलगा भारत राजकन्याबाईंना मावशी म्हणायचा. नुसतं म्हणायचा नाही, मानायचाही. बाईंच्या घरची बोअर बंद पडली की बोलावण्याची वाट न बघता यायचा.

भारतचं काम तेच होतं, बोअरमधली मोटार काढायचं. आता पाणी सहाशे-सातशे फुटांवर गेलेलं. तिवई उभी करायची, साखळीची कप्पी लावायची, एकेक पाईप वर ओढून खोलत जायचं, आणि सगळ्यात शेवटी मोटार. चार जण लागतात. भारत असला की तिघांत भागायचं. बत्तीस वर्षांचा गडी, मुदखेडची बायको सिंधु, चार वर्षांची उर्वी. त्याची पाठ दुखायला लागली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. एवढे पाईप ओढणाऱ्याची पाठ दुखणार नाही तर काय कारकुनाची दुखणार? चमक भरली म्हणून तेल लावलं. गादी सरकली म्हणून पट्टा बांधला. दोन महिने गेले, वजन उतरलं, तेव्हा लातूरला नेलं.

लातूरला एमआरआय झाला. पाठीतला एक मणका दबला होता. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि सांगितलं, मणक्याचा टीबी. ते डॉक्टर काही वेडे नव्हते. आपल्या भागात तरणा माणूस, वजन घटलेलं, मणका दबलेला, असा पेशंट आला तर बहुतेक वेळा टीबीच निघतो. मणक्याचा तुकडा काढून तपासायचा, तर ती सोय तिथे नव्हती, दुसरीकडे जावं लागणार होतं. गोळ्या मात्र सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होत्या. त्यांनी गोळ्या लिहिल्या. अठरा महिने.

भारतचं कार्ड राजकन्याबाईंकडे आलं तेव्हा मनकर्णाबाई रडत होत्या. बाई त्यांना म्हणाल्या, "रडू नको गं. माज्या हाताखालचा एक तरी माणूस गेलाय का? अठरा महिन्यांनी ह्याच्याकडून मी माजी मोटार काढून घेनार हाय." मनकर्णाबाई डोळे पुसून चहा ठेवायला उठल्या. भारतचा एमआरआयचा रिपोर्ट, जुनी कागदपत्रं, सगळं बाईंनी त्यांच्या निळ्या पिशवीत नीट घालून ठेवलं. पेशंटांच्या घरात कागद हरवतात म्हणून ती त्यांची पद्धतच होती.

रोज सकाळी भारत गोळ्या घ्यायचा. विटकरी रंगाच्या, मोठ्या गोळ्या. तोंड उघडायचा, जीभ वर करायचा, बाई खूण करायच्या. पहिल्या महिन्यात तो काही बोलला नाही. दुसऱ्या महिन्यात म्हणाला, "मावशी, आडवं पडलं की जास्ती दुखतं बगा. बसलं की जरा बरं वाटतं. मी आता भिंतीला टेकून बसूनच झोपतो." सकाळी बाई जायच्या तेव्हा भिंतीशी उशा रचलेल्या दिसायच्या, गोधडी बसल्या आकाराची पडलेली असायची. बाईंनी त्यावर त्याला झापलं. "बसून झोपल्यावर पाठ दुखनार न्हाई तर काय व्हनार? फळीवर झोप, सरळ." सिंधुने शेजारून लाकडी फळी आणली. भारत आठ दिवस त्या फळीवर पडून राहिला, दात खाऊन. मग पुन्हा उशा भिंतीशी लागल्या, फक्त बाई यायच्या आधी त्या उचलून ठेवायला तो शिकला.

पाचव्या महिन्यात, वैशाखात, एका सकाळी भारतने गोळ्या तोंडात टाकल्या आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाला, "मावशी, ह्या गोळ्यानं मला गुण न्हाई येऊन राहिला."

झालं. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं, गोळ्यांसकट. निदान बाईंना तसं वाटलं. त्या दिवशी खूण करून निघताना त्यांची पदराची कड अंगणातल्या जुन्या मोटारीच्या पाईपच्या तुकड्यात अडकली. सोडवायला म्हणून त्यांनी पाईप उचलला, तर आतून घरंगळत गोळ्या बाहेर आल्या. विटकरी. काही विरघळून एकमेकींना चिकटलेल्या. गालात धरायचा आणि बाईंची पाठ वळली की थुंकायचा पठ्ठ्या. सतरा वर्षांत बाईंना कुणी असं फसवलं नव्हतं.

त्यांनी आरडाओरडा केला तो सगळ्या गल्लीने ऐकला. भारतच्या बरोबर काम करणारी माणसं समोरच्या टपरीवर चहा पीत होती, तीही उठून आली. भारत खाली मान घालून उभा होता. शेवटी म्हणाला, "मावशी, मी नांदेडला जाऊन दाखवून येतो एकदा. सिंधुच्या माहेरची मान्सं म्हनून राहिलेत, तिथं चांगले डॉक्टर हायेत. तवर गोळ्या थांबवतो. लई मळमळतं."

आता इथे कुणी तरी म्हणायला हवं होतं की जाऊ द्या त्याला, दाखवू द्या. मनकर्णाबाईंच्या ओठांवर ते आलंही होतं. पण राजकन्याबाईंसमोर कोण बोलणार? बाईंच्या डोळ्यांपुढे सिद्धलिंग उभा होता, आणि आई, आणि तिला 'नको देऊ' सांगणारी ती एकोणीस वर्षांची मूर्ख पोरगी. त्यांनी अंगणात खेळणाऱ्या उर्वीला हाताला धरून आणलं आणि भारतच्या पुढ्यात उभं केलं.

"ठेव हात हिच्या डोक्यावर. म्हन, एक बी गोळी चुकवनार न्हाई. कार्ड पुरं होईस्तवर दुसऱ्या डॉक्टरची पायरी चढनार न्हाई. ठेव हात."

आपल्याकडे माणूस देवाची शपथ घेऊन मोडतो, त्याला वाट असते, देव समजून घेतो म्हणतात. लेकराच्या डोक्यावरची शपथ कुणी मोडत नाही. भारतने हात ठेवला. उर्वीला गुदगुल्या होऊन ती हसत होती. बाई घरी आल्या तेव्हा त्यांना मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. त्या दिवशी त्यांनी शेवयांची खीर केली.

त्यानंतर भारतने एकही गोळी चुकवली नाही. आणि एक गोष्ट बाईंच्या उशिरा लक्षात आली, फार उशिरा. त्यानंतर त्याने पाठीविषयी एक शब्दही काढला नाही. दुखतंय म्हणणं म्हणजे गोळ्यांवर शंका घेणं, आणि शंका घेणं म्हणजे शपथ मोडणं, असं त्या भोळ्या माणसाने मनाशी ठरवून टाकलं होतं. बाई विचारायच्या, "कसं हाय?" तो म्हणायचा, "बरं हाय मावशी," आणि जीभ वर करायचा.

पावसाळ्यात त्याची चप्पल पायातून निसटायला लागली. चालताना मागे राहायची आणि त्याला कळायचंच नाही. चार पावलं पुढे गेल्यावर उर्वी ती घेऊन पळत यायची, सगळे हसायचे. बाईही हसल्या. मग त्यांनी मुरुडच्या बाजारातून त्याच्यासाठी मागे पट्टा असलेली सँडल आणली, स्वतःच्या पैशांनी, आणि आपल्या हाताने त्याच्या पायात घातली. "आता बग कशी पळून जाते!" आणि रोज दोन अंडी खायला सांगितली. अशक्तपणा आहे म्हणाल्या. त्या सँडलच्या आठवणीने बाईंना अजूनही जेवण जात नाही. पायात घालताना पट्टा घट्ट झाला होता, चामडी चिमटली होती, आणि भारतने पाय हलवलासुद्धा नव्हता. बाईंनी तो पाय हातात धरला होता. एवढं जवळून बघूनही त्यांना दिसलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भारत संडासला म्हणून उठला आणि पाय दुमडून खाली बसला. पुन्हा उठला नाही. कमरेखाली काही नव्हतंच जणू. सिंधुने कुणाला न विचारता मुदखेडला भावाला फोन केला आणि जीप ठरवली. बाई आल्या तेव्हा भारतला जीपमध्ये आडवं घालत होते. दुखत असणार, पण तो बाईंकडे बघून म्हणाला, "मावशी, मी न्हाई जात हाय. ही नेऊन राहिलीय मला. शपथ मी न्हाई मोडली."

राजकन्याबाई निळी पिशवी घेऊन जीपमध्ये चढल्या. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. नांदेड येईपर्यंत सिंधु त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

नांदेडच्या दवाखान्यात एमआरआय बघायला मनस्विनी नावाची एक तरुण डॉक्टर होती. तिने नवी फिल्म काढली आणि विचारलं, जुनी आहे का. बाईंनी पिशवीतून काढून दिली, एक घडीसुद्धा पडलेली नव्हती. डॉक्टरने दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. मग तिने बाईंनाच जवळ बोलावलं, कारण सिंधु बाकावर डोकं धरून बसली होती.

"हे बघा ताई. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. टीबी बहुधा आधी ही गादी खातो, मग मणके. इथे मणका आतून पोखरलाय, पण वरची गादी शाबूत आहे, खालचीही. हा टीबी वाटत नाही. ही गाठ आहे. आणि जुन्या फिल्ममध्येही आहे, फक्त लहान."

"दुखनं आडवं पडल्यावर जास्ती व्हायचं का?" असं काही डॉक्टर विचारणार नाही, अशी एक वेडी आशा बाईंना वाटून गेली. डॉक्टरने नेमकं तेच विचारलं. "रात्री आडवं पडल्यावर त्रास वाढायचा का? बसून झोपायचे का?"

"हाव," बाई म्हणाल्या. "फळीवर मीच झोपवलं."

डॉक्टरला फळीचं काही कळलं नाही. ती जुना रिपोर्ट वाचत होती. शेवटच्या ओळीवर तिने बोट ठेवलं. इंग्रजीत लिहिलं होतं, टीबीची शक्यता अधिक, परंतु गाठ नाही असं खात्रीने सांगता येत नाही, गुण न आल्यास मणक्याचा तुकडा काढून तपासावा. "हे कुणी वाचलं नाही?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो कागद नऊ-दहा महिने रोज त्यांच्या खांद्याला लटकून त्या घरात जात होता. गुण न आल्यास. आणि गुण येत नाही हे भारतने सांगितलं होतं, त्याच शब्दांत.

तुकडा तपासला, गाठ कळली. हाडातली गाठ, इंग्रजी नाव जायंट सेल, पाठीच्या कण्यात फार क्वचित होणारी. कॅन्सर नव्हता. हैदराबादला ऑपरेशन झालं, गाठ निघाली, स्क्रू घातले. पण मज्जारज्जू फार दिवस दबून राहिला होता, पाय परत आले नाहीत. तिथल्या सर्जनने सिंधुला सांगितलं, पाय चालत होते तेव्हा, उन्हाळ्यात आणलं असतं, तर बहुतेक चालत घरी गेले असते. उन्हाळ्यात म्हणजे कधी, हे सिंधुने मुरुडला आल्यावर बाईंना विचारलं नाही. दोघींनाही महिना माहीत होता.

तालुक्याच्या ऑफिसात भारतचं कार्ड बंद करताना साहेबांनी शेरा लिहिला, निदान बदलले. मग बाईंची समजूत घालायला म्हणाले, "तुमच्या रेकॉर्डला धक्का नाही लागला बाई. टीबी नव्हताच, म्हणजे तो तुमचा पेशंटच नव्हता." बाईंनी घरी येऊन प्रमाणपत्र काढलं आणि कपाटाखाली सरकवलं. नवऱ्याने या वेळी चिडवलं नाही. भिंतीवर त्या जागी पांढरा चौकोन राहिला, तो आजही आहे.

लोक म्हणतात, बाईंनी काम सोडायला हवं होतं. काहींच्या मते त्यांचा काय दोष, डॉक्टरनेच टीबी सांगितला, त्या काय बिचाऱ्या आठवी शिकलेल्या. खरं सांगायचं तर बाईंनाही वाटायचं की दोष डॉक्टरचा. दिवसभर वाटायचं. पण मग उर्वीच्या डोक्यावरचा तो हात आठवायचा, आणि तिथे तर कुठलाच डॉक्टर उभा नव्हता. काम त्यांनी सोडलं नाही. गोळी अजून समोरच घ्यायला लावतात, कारण टीबी तर खराच असतो आणि गोळी सोडणारा मरतो, हेही खरंच आहे. फक्त गोळी काढण्याआधी दोन मिनिटं पेशंटजवळ बसतात. पाठीचं कुणी काही बोललं की त्याचे कागद घेऊन त्या नांदेडच्या बसला बसतात. मनस्विनी डॉक्टर आता त्यांना ओळखते. आजवर नेलेले सगळे कागद टीबीचेच निघाले. डॉक्टर कंटाळली असेल, पण तसं दाखवत नाही.

भारतच्या घरी मात्र त्या दीड वर्ष गेल्या नाहीत. गल्लीत शिरल्या तरी वळसा घालून जायच्या. मग या माघात एक दिवस मनकर्णाबाईंनीच निरोप पाठवला. भारतला लघवीचा संसर्ग झाला होता, ताप होता, आणि डॉक्टरने दिलेल्या गोळ्या तो घेत नव्हता. "तू ये. तुजंच ऐकतो त्यो."

बाई गेल्या तेव्हा भारत दारात चाकाच्या खुर्चीवर बसून मोटारीचं कॉईल भरत होता. आता बसून होणारं काम तो करतो, तांब्याची तार गुंडाळायचं. मागे खिळ्याला ती पट्ट्याची सँडल टांगलेली होती, तळ अजून न झिजलेले. बाईंना पाहून तो हसला, जणू काल सकाळीच भेटले होते. "आलात व्हय मावशी? द्या, गोळी द्या." त्याने गोळी घेतली, पाणी प्याला. आणि कुणी न सांगता तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

उर्वी आता सात वर्षांची. ती बापाच्या तोंडात वाकून बघत म्हणाली, "खरंच गिळली का? माज्या डोक्यावर हात ठेव बरं." भारतने हसत हात उचलला.

बाईंनी तो हात मध्येच धरला. "नको रे. शपथ नको." त्यांना रडू आवरेना. त्या खाली, त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या, आणि इतके महिने मनात घोळवलेलं एकदाचं बोलल्या. "मी तुजं ऐकलं न्हाई, भारत. रोज तोंड बगितलं तुजं, ऐकलं न्हाई. आता सांग. कुठं दुखतंय, कसं दुखतंय, सगळं सांग. मी बसते हितं."

भारतने तार खाली ठेवली. तो स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. बाईंना दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं, त्याने खरोखरच आठवून बघितलं.

"आता न्हाई दुखत मावशी," तो म्हणाला. "तवा दुखत हुतं."